टॅक्स क्रेडिटचे पैसे परत मागितलेत? भरण्याआधी पत्र नीट वाचा

ब्रिटनमधली टॅक्स क्रेडिट योजना, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना आणि मुलं असलेल्यांना सरकारकडून मिळणारी मदत, ५ एप्रिल २०२५ ला कायमची बंद झाली. तिची पत्रं मात्र अजून दारात पडतात. आत एवढंच असतं की तुम्हाला जास्त पैसे दिले गेले, ते परत करा. खाली चार आकडी रक्कम. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये लोकांची पत्रं वाचून देताना आपल्या माणसांच्या दोन तऱ्हा मी पाहिल्यात. काही जण ‘सरकारचं देणं डोक्यावर नको’ म्हणून दिराकडून उसने घेऊन दुसऱ्याच दिवशी भरून मोकळे होतात. बाकीचे पाकीट मायक्रोवेव्हवर ठेवून देतात. नुकसान दोघांचंही होतं.

आधी एक गैरसमज काढू. जास्त पैसे आले म्हणजे तुम्ही लबाडी केली, असं नाही. या योजनेची रचनाच तशी होती. वर्षाच्या सुरुवातीला एचएमआरसी, म्हणजे इथलं कर खातं, मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर रक्कम ठरवायचं आणि वर्ष संपल्यावर खऱ्या उत्पन्नाशी ताळा जमवायचं. समजा, मागच्या वर्षी घरात १५,००० पौंड आले आणि यंदा २०,०००. वाढ ५,००० ची. त्यातले पहिले २,५०० सोडून देत. उरलेल्या २,५०० च्या ४१ टक्के, म्हणजे १,०२५ पौंड तुमच्या हक्कातून कमी. ते तर दरमहा खात्यात येऊन खर्चही झालेले. ओव्हरटाइम मिळाला म्हणून पेढे वाटावेत आणि वर्षअखेरीस हे पत्र यावं, असा प्रकार.

दुसरं कारण, बदल न कळवणं. कामाचे तास कमी झाले, पाळणाघराचा खर्च आठवड्याला १० पौंडांनी किंवा जास्त घटला, मुलानं शिक्षण सोडलं, नवरा-बायको वेगळे झाले, तर महिन्याच्या आत कळवायचं होतं. आपल्याकडे यात हमखास राहून जायची ती भारतवारी. ८ आठवड्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं की हक्क थांबायचा. जवळच्या नातेवाइकाचं आजारपण किंवा मृत्यू असेल तर १२ आठवडे. आमच्याकडे आलेल्या एक ताई आईच्या आजारपणात साडेचार महिने सांगलीला होत्या. इथे नवरा, मुलं, नोकरी सगळं जागच्या जागी, म्हणून कळवायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. नियमानुसार १२ आठवड्यांनंतर दोघांचा जोड अर्ज संपला आणि पुढची सगळी रक्कम जादा ठरली. अशा वेळी एक गोष्ट जरूर मागा: त्या काळात नवऱ्यानं एकट्यानं अर्ज केला असता तर जेवढं मिळालं असतं, तेवढं या रकमेतून वजा करता येतं. बदल न कळवता जोडप्याचे दोन झाले किंवा दोन एकट्यांचं जोडपं झालं, तरी हेच लागू.

आता मुद्द्याचं. पत्राला हरकत घेण्याच्या वाटा दोन आहेत आणि लोक नेमका त्यांचाच घोळ घालतात.

आकडाच चुकलाय, उत्पन्न जास्त धरलंय किंवा मूल मोजलंच नाही, असं असेल तर निर्णयाचा फेरविचार मागायचा. मुदत निर्णयाच्या तारखेपासून ३० दिवस. तिथे नकार आला तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील.

आकडा बरोबर आहे, पण चूक तुमची नाही, असं असेल तर टीसी८४६ हा फॉर्म. जास्त पैसे गेल्याचं पहिल्यांदा कळवणाऱ्या पत्रापासून साधारण ३ महिन्यांत तो गेला पाहिजे. इथे एकच गोष्ट तपासतात: तुम्ही तुमचं काम केलं का आणि त्यांनी त्यांचं केलं का. अवॉर्ड नोटीस, म्हणजे किती रक्कम मंजूर झाली ते सांगणारं पत्र, आल्यावर तुम्ही ती ३० दिवसांत तपासून चूक कळवायची. तुम्ही कळवलेला बदल त्यांनी ३० दिवसांत नोंदवायचा. तुम्ही वेळेत कळवलं आणि त्यांच्याकडे नोंदच झाली नाही, तर त्या ३० दिवसांनंतरची जादा रक्कम माफ होऊ शकते. ‘पैसे खर्च झाले, आता कुठून आणू’ हे कारण या फॉर्मवर चालत नाही. ते हप्ते मागताना सांगा. आणि फॉर्म पाठवला म्हणून वसुली थांबत नाही.

फॉर्मसोबत काय जोडायचं? नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतोच. त्याखेरीज त्या वर्षाच्या अवॉर्ड नोटिसा, पी६० (मालकाकडून मिळणारा वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला), पाळणाघराच्या पावत्या, आणि सगळ्यात वजनदार म्हणजे फोन केल्याच्या तारखा. ‘मार्चमध्ये कधीतरी फोन केला होता’ याला किंमत नाही. तारीख आठवत नसेल तर मोबाइलचं जुनं बिल काढा. त्यांच्याकडे तुमच्याबद्दल काय नोंदी आहेत, त्या डेटा संरक्षण कायद्याखाली फुकट मागवताही येतात. पाठवायच्या त्या प्रती. अस्सल कागद घरीच ठेवा.

देणं खरंच निघत असेल तर टीसी६१० ही भरणा नोटीस येते. मुदत ३० दिवस. एकरकमी जमणार नसेल तर मुदत संपायच्या आत फोन करून हप्ते मागा. पगाराच्या स्लिपा, भाडं, कौन्सिल टॅक्स, विजेचं बिल समोर ठेवूनच फोन लावा आणि महिन्याला किती झेपेल तो आकडा आधीच ठरवा. नाहीतर पलीकडून येईल त्या आकड्याला आपण भिडेखातर ‘हो’ म्हणून बसतो.

युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे टॅक्स क्रेडिटच्या जागी आलेला सरकारी भत्ता, घेत असाल तर टीसी११३१ हे पत्र येतं आणि तुमचं देणं डीडब्ल्यूपीकडे, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या खात्याकडे जातं. तिथे दरमहाच्या रकमेतूनच कापून घेतात. ३० एप्रिल २०२५ पासून अशा कपातीची मर्यादा मूळ भत्त्याच्या १५ टक्के आहे, आधी ती २५ होती. एवढंही झेपत नसेल तर डीडब्ल्यूपीला सांगून कपात कमी करून मागता येते. मात्र देणंच मान्य नसेल तर भांडण एचएमआरसीशीच करायचं. युनिव्हर्सल क्रेडिट नसेल आणि पत्रांना उत्तरच दिलं नाही, तर वसुली थेट पगारातून होऊ शकते. मग ते मालकालाही कळतं.

जोड अर्जाचं देणं दोघांचं असतं. जोडीदाराच्या व्हिसावर सरकारी लाभ न घेण्याची अट असली, तरी दुसऱ्यावर ती नसेल तर जोड अर्ज चालायचा. आपल्यातल्या बऱ्याच नव्या जोडप्यांनी तसाच घेतला होता. पुढे वेगळे झालात तर आपला निम्मा वाटा भरायची सोय मागता येते, पण ती मागावी लागते.

आणि जे आता युनिव्हर्सल क्रेडिटवर आहेत त्यांनी भारताचं तिकीट काढण्याआधी दिवस मोजा. तिथे सवलत साधारण एका महिन्याचीच आहे, आणि जास्त गेलेले पैसे चूक त्यांच्या कचेरीची असली तरी परत मागता येतात.