शिक्षकाचा कान कुठे तयार होतो?

पहिलीच्या वर्गात नव्या बाई हातात आंबा धरून विचारतात, “हे काय आहे?” तो आंबा आहे हे बाईंना ठाऊक आहे. मुलांनाही ठाऊक आहे. मुलांना ते ठाऊक आहे हेसुद्धा बाईंना ठाऊक आहे. तरी प्रश्न विचारला जातो, सगळा वर्ग एका सुरात “आंबाऽऽ” म्हणतो, बाई “शाब्बास!” म्हणतात आणि पाठ पुढे सरकतो. हाच प्रश्न तुम्ही मंडईत कुणाला विचारलात, तर तो माणूस तुमच्याकडे जरा संशयानेच बघेल.

शिक्षकाने विचारायचं, मुलाने उत्तर द्यायचं, शिक्षकाने त्यावर शेरा मारायचा, या तिपेडी संवादाचं बारकाईने वर्णन अमेरिकी अभ्यासक ह्यू मेहन यांनी १९७९ मध्ये केलं. आपल्याकडे बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात प्रश्नकौशल्याचे पाठ घेतले जातात हे खरं, पण पहिल्या सराव पाठाला उभ्या राहिलेल्या मुलीच्या तोंडी “सांगा बरं, हे काय आहे?” आधीच बसलेलं असतं. ते तिला प्राध्यापकांनी शिकवलेलं नसतं.

डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये याचं एक उत्तर दिलं. शालेय शिक्षण संपेपर्यंत सर्वसाधारण अमेरिकी विद्यार्थ्याने शिक्षकांच्या थेट सहवासात सुमारे १३,००० तास काढलेले असतात. वकील किंवा डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाने कोर्ट किंवा ऑपरेशन थिएटर इतकं जवळून पाहिलेलं नसतं. लॉर्टीने या काळाला निरीक्षणाची उमेदवारी म्हटलं. बाकावर बसून, नकळत, मूल शिक्षकीचा धंदा बघत असतं. मात्र बघतं ते फक्त पुढची बाजू. बाईंनी आदल्या रात्री काय विचार केला, हे त्याला कधीच दिसत नाही.

लॉर्टीचा हिशेब शाळेच्या फाटकापासून सुरू होतो. माझ्या मते तो उशिरा सुरू होतो. पुढचे धागे वेगवेगळ्या अभ्यासांतले आहेत आणि त्यांची गाठ मी मारतो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला धागा कानाचा. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या प्रयोगशाळेत मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर यांनी केलेला प्रयोग मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा, कारण त्यात आपला ‘त’ आणि ‘ट’ आहे. इंग्रजी घरातलं तान्हं मूल आईच्या मांडीवर बसलेलं. आईच्या कानावर हेडफोन, त्यात संगीत चालू, म्हणजे तिच्या हालचालीतून बाळाला काही सुगावा लागायला नको. बाजूच्या स्पीकरमधून एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू येतं आणि मध्येच ते बदलतं. बदल झाल्यावर बाळाने मान वळवली तर एक खेळणं दिवा लागून नाचायला लागतं. बाळ ही युक्ती पटकन शिकतं. सहा ते आठ महिन्यांची इंग्रजी घरातली बाळं हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक सहज ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो जमला. हिंदी घरातल्या बाळांची ओळख मात्र शाबूत राहिली. वर्कर आणि रिचर्ड टीझ यांचा हा निबंध १९८४ चा.

वाढ म्हणजे फक्त भर पडत जाणं, असं आपण धरून चालतो. इथे तर वर्ष भरायच्या आत कान काही फरकांकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि घरच्या भाषेतले फरक त्याला तितकेच लख्ख ऐकू येऊ लागतात. सुरांची ओळख तर त्याहून आधीची. २००९ मध्ये कॅथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच दिवसांच्या ६० बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुधा चढत जाणारा निघाला, जर्मन बाळांचा उतरत जाणारा. त्या त्या भाषेच्या बोलण्याची चाल पोटातच कानावर पडलेली होती.

आणि हे पुसलं जात नाही. माँट्रियलमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास चीनमध्ये जन्मलेल्या मुलींचा होता. साधारण वर्षाच्या असताना त्या फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांत दत्तक गेल्या. पुढे त्यांना चिनीचा एक शब्दही कळत नव्हता. दहा-बारा वर्षांनी मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना त्यांना चिनी भाषेतले चढउतार ऐकवले, तर त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच चालला, निव्वळ फ्रेंच मुलींसारखा नाही. आठवण नाही, पण खूण आहे.

आता हा कान पंचवीस वर्षांनी फळ्यापाशी येतो.

वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. त्या बोलीचे ते नियम आहेत आणि मूल ते चोख पाळत असतं. पण ज्या बाईंच्या घरी ‘ण’ आणि ‘ळ’ ठणठणीत होते, त्यांच्या कानाला ‘पानी’ खटकतं, आणि ते विचार करण्याच्या आधी खटकतं. एवढ्यावर थांबलं असतं तर बिघडलं नसतं, पण ते थांबत नाही. १९७२ मध्ये सेलिगमन, टकर आणि लँबर्ट यांनी माँट्रियलमध्ये शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांसमोर तिसरीतल्या मुलांचं साहित्य ठेवलं: फोटो, आवाजाचं ध्वनिमुद्रण, मुलाने काढलेलं चित्र आणि लिहिलेला मजकूर. मूल किती हुशार आहे ते ठरवताना लिहिलेला मजकूर समोर असूनही बोलण्याच्या ढबीने निकालावर छाप पाडली. हे परीक्षक म्हणजे अजून नोकरीलाही न लागलेली तरुण माणसं होती. म्हणजे पूर्वग्रह शाळेतल्या थकव्याने आलेला नव्हता, तो त्यांनी सोबतच आणला होता.

उलट बाजूही सांगायला हवी. स्वतःच्या घरी ‘पानी’ म्हणत मोठे झालेले गुरुजी मुलांच्या बाबतीत सैल असतील, असा आपला समज. पुष्कळदा तेच सगळ्यांत कडक निघतात. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांना १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये असंच काही आढळलं. काळजीपूर्वक बोलायची वेळ आली की निम्न मध्यमवर्ग वरच्या वर्गापेक्षाही जास्त ‘शुद्ध’ बोलायला जात होता. स्वतःच्या बोलीवरून लहानपणी हसू झालेला माणूस ती बोली दुसऱ्याच्या तोंडी ऐकली की आधी दचकतो, मग दुरुस्ती करतो. त्याला दुष्टपणा म्हणणं अन्यायाचं होईल. पण मुलाला फरक कळत नाही, त्याला फक्त एवढंच कळतं की आपण तोंड उघडलं की चुकतो.

प्रश्नांकडे परत येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. अमेरिकेच्या कॅरोलिना भागात, कापडगिरण्यांच्या मुलखात, मानववंशशास्त्रज्ञ शर्ली ब्राइस हीथ यांनी १९६९ ते १९७८ अशी जवळजवळ दहा वर्षं काढली. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र होत होत्या. शिक्षकांची तक्रार होती की काळ्या कामगार वस्तीतली मुलं साध्या साध्या प्रश्नांना उत्तरं देत नाहीत. त्या वस्तीला हीथ यांनी ट्रॅकटन हे टोपणनाव दिलं. घरी धबाधबा बोलणारी मुलं वर्गात मुकी का होतात?

हीथ यांनी आधी शिक्षकांच्याच घरात डोकावून पाहिलं. या शिक्षिका स्वतःच्या तान्ह्या-रांगत्या मुलांशी कशा बोलतात ते टिपलं, तर सतत प्रश्न: हा रंग कुठला, नाक कुठे आहे, कुत्रा कसं करतो? एका घरात तर दोन वर्षांच्या मुलीला उद्देशून बोललेल्या वाक्यांपैकी जवळजवळ निम्मे प्रश्न होते, आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्तर आईला माहीत होतं. वर्गातला आंब्याचा प्रश्न इथे पाळण्याशी सापडतो. या बायका शाळेत वेगळी भाषा बोलतच नव्हत्या. त्यांच्या आयांनी त्यांना मांडीवर घेऊन जे केलं, ते त्या तीस मुलांसमोर करत होत्या.

ट्रॅकटनमध्ये असे प्रश्न नव्हते. तिथल्या एका आजीने हीथ यांना साफ सांगितलं की तुमच्यासारखं आम्ही पोरांना रंग आणि नावं विचारत बसत नाही. पोर स्वतःच बघून शिकतं, असं तिथलं मत. विचारलंच तर मोठी माणसं विचारत, “हे कशासारखं आहे?” आणि मुलं तुलना करण्यात पटाईत होती. गोष्ट सांगताना तिखटमीठ लावायची, अंगविक्षेप करायची. शाळेत आल्यावर त्यांना विचारलं गेलं ते वस्तूचं नाव, रंग, संख्या. तिसरीतल्या एका मुलाने कुरकुर केली ती अशा अर्थाची: नुसत्या वस्तूबद्दल, वस्तूपुरतं, कोण बोलू शकतं?

शेजारच्या गोऱ्या कामगार वस्तीत, रोडव्हिलमध्ये, आणखी तिसरीच तऱ्हा. तिथे आया मुलांना पुस्तकातली चित्रं दाखवून नावं विचारत, गोष्ट मात्र घडली तशीच सांगायची, पदरचं काही घालायचं नाही, हा दंडक. ही मुलं सुरुवातीला वर्गात छान चमकत. पुढे ‘असं झालं असतं तर?’ असा प्रश्न आला की अडत.

आपल्याकडे काय चित्र असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. मराठी घरांमध्ये पाहुण्यांसमोर “काकांना कविता म्हणून दाखव” हा प्रश्नच नसतो, हुकूम असतो, आणि त्यातून वाढलेल्या शिक्षिकेला पाठांतर हे बोलणंच वाटत असेल तर नवल नाही. शेतावरच्या घरात मुलाला कामाबरोबर सूचना मिळतात, प्रश्न कमी. हे माझं निरीक्षण आहे, हीथ यांच्यासारखं कुणी दहा वर्षं टेपरेकॉर्डर घेऊन बसल्याशिवाय त्याला वजन येणार नाही.

थांबण्याचंही असंच. अमेरिकी शिक्षण-अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासून १९७४ मध्ये दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद थांबायला लावल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली. आणखी एक बोचणारी गोष्ट: हुशार समजलेल्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबत होते, ज्यांना वेळ हवा होता त्यांच्यासाठी कमी.

एक सेकंद एवढा लांब का वाटतो? २००९ मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या दहा भाषांतली रोजची संभाषणं मोजली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट सरासरी एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढीच निघाली, भाषेभाषेत थोडा फरक. डॅनिश लोक सगळ्यांत निवांत, जपानी सगळ्यांत चटपटे. ही लय आपण बोलायला लागण्याआधी उचलतो, आईच्या ‘हो का?’ आणि आपल्या ‘ऊं’ यांच्यामधून. तीन सेकंदांची शांतता शिक्षकाला म्हणूनच अंगावर येते. प्रशिक्षणात ‘थांबा’ सांगून भागत नाही, कारण ती सवय डोक्यात नाही, लयीत आहे.

मग हे बदलतं का? बदलतं, पण उपदेशाने नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. मुंबईच्या प्रार्थना समाजी घरात वाढलेल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांना तिथे आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात. तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी खडे, शिंपले, पानं, बिया आल्या. या प्रयोगाचं कौतुक साधनांवरून खूप होतं. मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या अंगणात बसलेल्या शिक्षिकेला आधी ऐकावं लागतं. तिथे पाहुणी ती असते.

हीथ यांच्या शिक्षकांनीही असंच केलं, फक्त उलट्या दिशेने. त्यांनी ट्रॅकटनच्या परिसराचे फोटो वर्गात आणले आणि विचारलं: इथे काय चाललंय? तुम्ही इथे कधी गेला होता का? हे कशासारखं दिसतं? मुकी मुलं बोलती झाली. ती चर्चा टेपवर घेतली. मग शिक्षकांनी त्याच टेपमध्ये आपल्या पद्धतीचे नाव-रंग-संख्या विचारणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं भरली, आणि मुलांना फावल्या वेळात टेप ऐकायला दिल्या. शाळेचा प्रश्न हा एक खेळ आहे आणि त्याचे नियम असे आहेत, हे मुलांना कुणीतरी पहिल्यांदाच उघड करून दाखवलं. त्याआधी शिक्षकांना ते स्वतःला दिसावं लागलं होतं, आणि ते दिसलं घरच्या टेपवरचं आपलंच बोलणं ऐकून.

हे सगळं टिकलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हीथ यांनी या कामावरच्या आपल्या पुस्तकाचा शेवट लिहिला तोवर त्या भागातल्या शाळांतून या पद्धती जवळपास नाहीशा झाल्या होत्या. वरून आलेल्या चाचण्या आणि ठरवून दिलेला अभ्यासक्रम यांत त्यांना वेळ उरला नव्हता. चाचण्यांमधले प्रश्न अर्थातच उत्तर आधीपासून माहीत असलेले होते.