क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि सेटलमेंटचा अर्ज: नेमकं अडतं कुठे

गेल्या पावसाळ्यात एक ताई कापडी पिशवी घेऊन आल्या. आत बँकेची तेवीस पाकिटं, एकही न फोडलेलं. नवऱ्याची नोकरी गेली, क्रेडिट कार्डाचं बिल राहिलं, आणि आलेलं पाकीट फ्रिजवर ठेवून द्यायचं हा घरातला शिरस्ताच झाला. आम्ही ती तारखेप्रमाणे लावून फोडली. सतराव्यात पत्र निघालं: निम्मी रक्कम एकरकमी भरा, खातं मिटवतो. यालाच सेटलमेंट म्हणतात. मुदत संपून आठ महिने झाले होते.

मी वकील नाही, बँकवालाही नाही. आठवड्यातून एक दिवस लोकांचे अर्ज लिहून देतो. थकलेल्या कार्डाचे अर्ज परत येतात ते फिरून फिरून त्याच चार-पाच कारणांनी. ती इथे सविस्तर लिहितो, बाकीचं ओझरतं.

तारखा आधी नीट वाचा

बिलावर दोन तारखा असतात. एक बिल निघाल्याची, दुसरी पैसे भरायच्या मुदतीची. सगळा हिशेब दुसरीपासून चालतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे मुदत उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय बँकेला उशिराचा दंड लावता येत नाही आणि सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांना खातं थकीत म्हणून कळवताही येत नाही. लोक याचा अर्थ 'मुदत तीन दिवसांनी वाढली' असा घेतात. तसं नाही. तीन दिवस ओलांडले की थकलेले दिवस मूळ मुदतीपासूनच मोजतात. आणि ही सवलत दंड आणि थकीत नोंदीपुरती आहे, व्याजाला नाही.

९० दिवसांचंही तसंच. बिलातली किमान रक्कम पूर्ण भरली नाही आणि त्या मुदतीपासून ९० दिवस गेले, की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. "अहो, मी मध्ये दोन हजार टाकले होते" हे वाक्य मला पाठ झालंय. किमान रक्कम तीन हजार असेल तर दोन हजार टाकून दिवस मोजायचे थांबत नाहीत.

किमान रक्कम भरत राहिलं की सगळं ठीक, हाही गैरसमजच. समजा ६०,००० रुपये बाकी आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. महिन्याचं व्याज झालं २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. तुम्ही ३,००० भरलेत तर मुद्दल उतरलं अवघं ५२२ रुपयांनी, तेही त्या महिन्यात कार्ड घासलं नसेल तर.

३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज बेकायदा आहे, असा एक मेसेज अजून फिरतो. तो राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. अर्जात त्याचा दाखला देऊ नका.

न भरल्याने काय होतं, काय होत नाही

तुरुंगवास होत नाही. पैसे देता न येणं हा गुन्हा नाही, ते दिवाणी प्रकरण आहे. पण म्हणून निवांत राहावं असंही नाही. त्याच बँकेत तुमचं बचत खातं असेल तर कार्डाच्या करारातल्या कलमावर बोट ठेवून बँक तिथले पैसे वळते करू शकते. पगार त्याच खात्यात येत असेल तर महिन्याच्या एक तारखेला खातं मोकळं दिसतं आणि घरात एकच गोंधळ उडतो. क्रेडिट रिपोर्टवरचा डाग वर्षानुवर्षं राहतो, आणि बँकांच्या भरतीला बसलेल्या मुलांना तो ऐन वेळी आडवा येतो. स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत कर्ज किंवा कार्ड थकवलेल्या उमेदवारांबद्दल अट असते, ती वाचून घ्या.

बँक कोर्टात गेली आणि हुकूमनामा, म्हणजे पैसे फेडण्याचा कोर्टाचा आदेश, झाला तर पगारावर जप्ती येऊ शकते. मात्र पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडावाच लागतो. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही.

कार्डधारक वारला असेल तर वारसांची जबाबदारी त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. मुलाच्या कार्डासाठी म्हाताऱ्या आईकडून "मी फेडीन" असं लिहून घेऊ पाहणारे वसुलीवाले मी बघितलेत. सही करू नका.

या वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांत बदनामी करायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय. केलाच तर नंबर, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवा. वादावादीपेक्षा ती वही कामाला येते.

सेटलमेंट कुणाला मिळतं

सेटलमेंट हा तुमचा हक्क नाही. ते द्यायचं की नाही हे बँक तिच्या धोरणाप्रमाणे ठरवते. साधारणपणे खातं एनपीए झाल्यावर किंवा बँकेने राइट-ऑफ केल्यावर हा विषय निघतो. राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. बँकेने आपल्या पुस्तकातून रक्कम काढली, तुमच्या डोक्यावरून नाही.

खातं अजून थकलेलं नसेल, किंवा जेमतेम एखादा महिना झाला असेल, तर सेटलमेंट मागूच नका. बाकी रक्कम हप्त्यांत बदलून मागा. व्याज कमी पडतं आणि रिपोर्टवर 'सेटल्ड' हा शिक्का बसत नाही. पूर्ण पैसे फेडले तर रिपोर्टवर 'क्लोज्ड' येतं, तडजोड केली तर 'सेटल्ड'. पुढे घरासाठी कर्ज काढायला गेलात की या एका शब्दाचा फरक कळतो. शिवाय तडजोडीनंतर ती बँक निदान १२ महिने तुम्हाला नवं कर्ज देऊ शकत नाही.

अर्जाआधी क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, चारही संस्थांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तिथे पाहायचं ते स्कोअर नव्हे, तर खातं आज कुणाच्या नावावर आहे ते. बँका थकलेली कार्डं मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्यांना, विकतात. लोक बँकेत चकरा मारतात, बँक म्हणते "तुमचं खातं आमच्याकडे नाही", आणि घरी कुठल्या अनोळखी कंपनीचे फोन चालू. अशा वेळी बँकेकडून खातं कुणाला, कुठल्या तारखेला विकलं याचं लेखी पत्र मागायचं. ते हाती येईपर्यंत त्या कंपनीला एक रुपया द्यायचा नाही.

शेवटचे पैसे कधी भरले तेही बघा. अशा थकबाकीसाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत तुम्ही "थकबाकी मान्य आहे" असं सहीनिशी लिहून दिलं की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू. मुदत संपून गेली असली तरी "फेडीन" असं लेखी वचन दिलंत तर मेलेलं प्रकरण जिवंत होतं. म्हणून जुन्या खात्याचा अर्ज वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नका. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय असतं.

कागद

पॅन, आधार, शेवटची बिलं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, इतर कर्जांची यादी. हे सगळ्यांकडे असतं. अडतं ते 'अडचणीचा पुरावा' या एका ओळीपाशी. नोकरी गेल्याचं पत्र आणा म्हणतात. कुठली कंपनी देते हो असं पत्र? माणसाला "उद्यापासून येऊ नको" एवढंच सांगितलेलं असतं.

यावर उपाय आहे. भविष्य निर्वाह निधीचं पासबुक ऑनलाइन काढा. कुठल्या महिन्यापासून वर्गणी थांबली ते त्यात छापून येतं. सोबत बँक स्टेटमेंटमधल्या शेवटच्या पगाराच्या नोंदीवर पेनने खूण करा. दुकान बंद झालं असेल तर जीएसटी नोंदणी रद्द झाल्याचा आदेश चालतो. आजारपण असेल तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि बिलं. यातलं काहीच नसेल तर साध्या कागदावर खरं ते लिहा. बँकेने मागितलं नसताना ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

अर्ज एका पानाचा असावा. किती बाकी आहे, का थकली, आज एकरकमी किती देऊ शकता आणि ते कुठून आणणार. हा शेवटचा मुद्दा लोक गाळतात आणि तिथेच अर्ज बाजूला पडतो. "सहानुभूतीने विचार व्हावा" असं तीनदा लिहिण्यापेक्षा "बहिणीकडून ४०,००० मिळणार आहेत, या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत" ही एक ओळ जास्त काम करते. अर्ज शाखेत दिलात तर झेरॉक्सवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. शाखेतले म्हणतील, कार्डाचं आमच्याकडे नसतं. मग कार्ड विभागाला ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पत्रावर

वसुलीवाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो, बँकेचं चिन्ह वगैरे सगळं असतं, आणि म्हणतो आज संध्याकाळपर्यंत यूपीआय करा. एकाने असे १८,००० भरले. तीन महिन्यांनी बँकेचं म्हणणं, आमच्याकडे असं कुठलंच सेटलमेंट नोंदलेलं नाही. पैसे गेले होते कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात.

पत्र बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलं पाहिजे. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, ठरलेली रक्कम, भरायची तारीख आणि उरलेली रक्कम सोडली जाईल हे स्पष्ट शब्दांत हवं. पैसे फक्त कार्डाच्या खात्यात भरा. तारीख म्हणजे पैसे जमा व्हायची तारीख, चेक टाकायची नव्हे. शेवटच्या दिवशी चेक टाकला, मध्ये सुट्टी आली आणि सेटलमेंट रद्द, असं झालेलं आहे. तेव्हा जे भरलं ते नुसतं थकबाकीपोटी जमा धरलं जातं.

हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे चेक मागितले तर दहादा विचार करा. कार्डाची बाकी दिवाणी बाब असते, पण न वटलेला चेक त्यासाठीच्या कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारीत जातो.

खऱ्या-खोट्या नोटिसा

मोबाइलवर येणाऱ्या 'अटक वॉरंट'च्या पीडीएफनी एक वाईट गोष्ट केली आहे: लोक खऱ्या नोटिसाही फेकून देऊ लागलेत. कोर्टाच्या समन्सवर खटल्याचा क्रमांक असतो, सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकून बघता येतो. लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्याची, नोटीस परगावाहून आणि ईमेलवर येते, म्हणून ती खोटी ठरत नाही. तिला उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निवाडा होतो आणि त्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखीच होते. लोकअदालतीची नोटीस आली तर मात्र नक्की जा. ते तडजोडीचं बोलावणं आहे. पण तिथे सही केलेल्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे झेपेल तोच आकडा बोला.

पैसे भरल्यावर

नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, मागा. हाच तो कागद, जो कुणाकडेच नसतो. पैसे भरले, फोन बंद झाले, माणूस सुटल्यासारखा घरी जातो. चार वर्षांनी मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेल्यावर रिपोर्टवर जुनी बाकी तशीच उभी. बँकेचा तो विभाग तोवर दुसऱ्या शहरात गेलेला असतो.

दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढा. नोंद बदलली नसेल तर त्या संस्थेच्या साइटवर तक्रार टाका, सेटलमेंटचं पत्र आणि भरल्याची पावती जोडून. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ती मागावी लागते, आपणहून क्वचितच येते, म्हणून तक्रारीतच तुमच्या बँक खात्याचा तपशील द्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. जायला उशीर लावू नका. बँकेला केलेल्या तक्रारीची पोच जोडली नसेल तर प्रकरण दारातूनच परत येतं. फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर फोन करून माहिती विचारता येते. ऑनलाइन जमत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने पाठवा. मराठीत लिहिलेलं चालतं.

त्या ताईंचं पत्र मुदतबाह्य झालं होतं, तरी आम्ही त्याचीच झेरॉक्स जोडून नवा अर्ज केला. दोन महिन्यांनी बँकेने आकडा दिला, पहिल्यापेक्षा ११,००० नी जास्त.