गोरज मुहूर्ताचा उजेड

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे माणसांची लग्नं सुरू होतात. शरद सरत आलेला असतो, पाऊस थांबलेला, आभाळ धुतल्यासारखं. मग कार्यालयाऐवजी लॉन ठरतं आणि हौसेनं गोरज मुहूर्त धरला जातो. मांडववाला येऊन एकच विचारतो, "फोकस किती लावू?" खरं तर आधी ठरवायला हवं ते कधी आणि कोणते.

आधी 'कधी'चं बघू. सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, म्हणून सर्वांत लवकर अंधारही तेव्हाच पडत असेल, असं वाटतं. पण मुंबई-पुण्याकडे सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, 6 च्या आगेमागे. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे या दिवसांत तिचा वेगही वाढलेला असतो. या दोन्हींमुळे खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतो ती वेळ, घड्याळात पुढे सरकत जाते: मुंबईत नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:22, डिसेंबर संपताना 12:41. तिच्यामागोमाग डिसेंबरात सूर्यास्तही पुढे ओढला जातो. थोडक्यात, लग्नसराई सुरू होते तीच संध्याकाळ सर्वांत घाईची असताना.

त्यात आपला संधिप्रकाश तोकडा. आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली बराच सरळ उतरतो, त्यामुळे दिव्याशिवाय वावरता येईल असा उजेड 23-24 मिनिटंच टिकतो. लंडनला याच दिवसांत तो 35 मिनिटांहून जास्त रेंगाळतो. स्वच्छ आभाळाखाली सूर्यास्ताला साधारण 400 लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असतो, संधिप्रकाश संपताना 3-4 लक्स. म्हणजे शंभरपट घट. डोळे हळूहळू जुळवून घेतात, म्हणून आपल्याला ते कळत नाही. कळतं ते पहिलं मंगलाष्टक कागदावरून वाचलेल्या आत्याला, पाचव्यासाठी मोबाइलची बॅटरी लावावी लागते तेव्हा. म्हणून दिवे अंधार पडल्यावर नव्हे, सूर्यास्ताआधीच मंद लावून ठेवावेत आणि आभाळ विझेल तसे वाढवावेत. डिमर हवाच. चार फोकस कमी आले तरी चालतील.

आता 'कोणते'. सूर्य बुडाल्यावरची ती गडद निळाई निव्वळ प्रकाशाच्या विखुरण्यातून येत नाही. तिरप्या किरणांना ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करावा लागतो आणि ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. हे गणित अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ हलबर्ट यांनी 1953 मध्ये मांडलं. या निळाईपुढे 2700-3000 केल्विनचे (केल्विन म्हणजे दिव्याच्या रंगछटेचं माप) उबदार पिवळे दिवे सुरेख दिसतात. सूर्यास्तानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांवर फोटोग्राफर टपून असतात ते यासाठीच. त्याच वेळी कोणी 6500 केल्विनचे पांढरे फ्लडलाइट पेटवले की सगळ्या लॉनला पेट्रोलपंपाची कळा येते.

पण रंगछटेहून मोठी गफलत लाल रंगाची. मामेबहिणीचा लालभडक शालू दुकानात बघितला होता, मांडवात तो काथ्याच्या रंगाचा दिसला. दोष विणकराचा नव्हता. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा दिवा असतो, त्यावरचा पिवळसर लेप त्या निळ्याचा काही भाग बदलून पांढरेपणा आणतो. स्वस्त मालात या मिश्रणात गडद लाल जवळजवळ नसतो, आणि दिव्यातच नसलेला रंग शालू परत कुठून देणार? खोक्यावरचा 'सीआरआय 80', म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, इथे फसवतो, कारण तो आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लालाचा आकडा वेगळा, त्याचं नाव आर9. तो शून्याजवळ असूनही दिवा 80 मिळवू शकतो. मांडववाल्याला आकडे विचारण्यापेक्षा कुंकवाचा करंडा घेऊन जावं. दिव्याखाली कुंकू आणि स्वतःचा तळहात धरावा. कुंकू विटकरी आणि तळहात आजारी दिसला तर तो दिवा पार्किंगला लावायचा. कातडीचा लालसरपणा रक्ताचा असतो, त्यालाही तोच गडद लाल लागतो.

हळदीची गोष्ट उलटी. तिच्यातलं कर्क्युमिन अतिनील प्रकाश पिऊन पिवळा-हिरवा उजेड परत देतं. डीजेच्या जांभळ्या दिव्यांत नवरदेवाचे कान चमकायला लागले तर घाबरू नये, हळद नीट निघालेली नाही एवढाच अर्थ.

लुकलुकीची परीक्षाही घरच्या घरी होते. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला 100 वेळा मंदावतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करावं. पट्टे सरकताना दिसले तर अंतरपाट दूर होतानाच्या व्हिडिओतही ते दिसणार.

राहिले किडे. ते दिव्याकडे ओढले जात नाहीत, गोंधळतात. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची, कारण उजेड म्हणजे आभाळ, ही त्यांची जुनी सवय. 2024 च्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी ते स्पष्ट दिसलं. वर तोंड केलेल्या दिव्यावरून जाताना ते उलटे होऊन खाली कोसळतात. झाडं उजळायला जमिनीत खोचलेले दिवे असे असतात, आणि जिलेबीची कढई नेमकी झाडाखालीच मांडलेली असते.