दिवा, ओली काठी आणि व्होल्टेज: स्वच्छ धातूच्या नियंत्रणाची पार्श्वभूमी

हायड्रोजनवर बनलेलं पोलाद, कार्बनशिवायचं अ‍ॅल्युमिनियम अशा बातम्या आल्या की चर्चा रसायनाभोवती फिरते. ते रसायन चोवीस तास ताब्यात ठेवणाऱ्या कंट्रोल इंजिनिअरचा विषय त्यात क्वचित निघतो. धातुउद्योगातलं प्रदूषण घटवण्याची एक फार मोठी कामगिरी मात्र मूळ प्रक्रिया न बदलता, मुख्यतः नियंत्रण सुधारून झाली आहे.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. 1856 मध्ये हेन्री बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद बनवण्याची पद्धत मांडली. कार्बन जळून संपला कधी, हे ठरायचं तोंडाशी नाचणाऱ्या ज्वाळेवरून. ज्वाळा बसली की फुंकणं थांबवायचं. भट्टीत डोकावता येत नाही, बाहेर जे दिसतं त्यावरून आतलं ओळखायचं. हा पेच तेव्हापासूनचा.

अ‍ॅल्युमिनियममध्ये तो अधिकच अवघड झाला. 1886 मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू यांनी एकमेकांच्या नकळत एकच मार्ग शोधला: सुमारे 960 अंश सेल्सिअसला वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) विरघळवायचा आणि त्यातून वीज सोडायची. वितळलेलं क्रायोलाइट जवळपास काहीही खाऊन टाकतं, त्यामुळे आत कायम टिकेल असा सेन्सर बसवणं महाकठीण. हाताशी सतत मिळणाऱ्या खुणा दोनच, पॉटचं (हा रस धरणाऱ्या भांड्याचं) व्होल्टेज आणि पॉटलाइनचा, म्हणजे ओळीने जोडलेल्या पॉटमधून वाहणारा, करंट.

अ‍ॅल्युमिना फार कमी झाला की कार्बन अ‍ॅनोडखाली (रसात वीज सोडणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्याखाली) वायूचा पापुद्रा धरतो आणि जेमतेम 4 व्होल्टवर चालणारा पॉट एकदम 30 व्होल्ट किंवा त्याहून वर उडी मारतो. यालाच अ‍ॅनोड इफेक्ट म्हणतात. जुन्या पॉटरूममध्ये प्रत्येक पॉटला समांतर एक दिवा जोडलेला असे. तो लख्ख पेटला की कामगार धावायचा, वरचं कवच फोडून अ‍ॅल्युमिना लोटायचा आणि ओल्या लाकडाची लांब काठी थेट रसात खुपसायचा. लाकडातल्या ओलाव्याची वाफ होऊन रस खदखदला की अ‍ॅनोडखालचा पापुद्रा सुटायचा. पॉटरूमचं कंट्रोल सॉफ्टवेअर आज जे करतं, त्याचं हे मूळ रूप आहे आणि मला त्या कामगारांबद्दल मनापासून आदर वाटतो.

1960 च्या दशकात संगणक पॉटरूममध्ये शिरू लागले. त्यातून पुढे आलेली युक्ती सुंदर आहे. अ‍ॅल्युमिना कमी होत गेला की पॉटचा विजेला होणारा रोध आधी घसरतो आणि मग चढू लागतो. म्हणून कंट्रोलर मुद्दाम पॉटला थोडा उपाशी ठेवतो, रोधाचा चढ पाहतो आणि वेळीच खाऊ घालतो. खाऊही पूर्वीसारखा एकदम नाही, पॉइंट फीडरमधून थोडा थोडा. अ‍ॅनोड इफेक्टच्या वेळी कार्बन टेट्राफ्लोराइड निघतो. तापमानवाढीच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 6,000 पटींहून जहाल असतो आणि हजारो वर्षं वातावरणात राहतो. 1990 नंतर टनामागे अशा वायूंचं उत्सर्जन सुमारे 90 टक्क्यांनी उतरलं, त्यात या नियंत्रणाचा वाटा फार मोठा आहे.

बाकीची हत्यारं इतर उद्योगांतून आली. जहाजाचं सुकाणू सांभाळण्यासाठी निकोलस मिनोर्स्कीने 1922 मध्ये मांडलेलं पीआयडीचं गणित (चूक किती, किती साठली आणि किती वेगाने बदलते यावरून दुरुस्ती ठरवणारं), ते गणित जुळवून घेण्याचे 1942 चे झीग्लर-निकोल्स यांचे नियम, मोटार कारखान्यातले रिले (विजेवर चालणारे स्विच) हटवण्यासाठी 1968-69 मध्ये जन्मलेला पीएलसी हा यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक, आणि कारखान्याचं नियंत्रण अनेक संगणकांत वाटून देणारी 1975 मधली डीसीएस प्रणाली.

आता पोलादाकडे. स्वीडनमध्ये 2016 मध्ये हायब्रिट प्रकल्प सुरू झाला आणि 2021 मध्ये हायड्रोजनने ऑक्सिजन काढलेल्या लोखंडाचं पोलाद ग्राहकाच्या हाती पडलं. कंट्रोल इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर इथे कार्बनबरोबर त्याने दिलेल्या काही सवलतीही गेल्या. हायड्रोजनची ही अभिक्रिया उष्णता शोषते, म्हणून वायू किती तापवून किती सोडायचा याचा हिशेब घट्ट होतो. पुढे इलेक्ट्रिक आर्क भट्टीत कार्बनमुळे निघणारा वायू स्लॅगला (पोलादावर तरंगणाऱ्या मळीला) फेस आणतो आणि तो फेस आर्कला झाकून भिंती वाचवतो. लोखंडात कार्बनच नसेल तर तो फेस बेतून आणावा लागतो. त्यात हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के असताना पेट घेऊ शकतो आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. बेसेमरच्या काळातली नजर इथे कामाची नाही.

विजेचंही तसंच. पॉटलाइनला अखंड वीज लागते. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पोर्टलंड या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याची वीज पाच तासांहून जास्त गेली आणि पॉटमधला रस गोठून मोठं नुकसान झालं. वारा आणि उन्हाच्या चढउतारांप्रमाणे लोड वरखाली करायचा, तर पॉटचा उष्णतेचा तोल मिनिटामिनिटाला सांभाळावा लागतो.

2018 मध्ये कॅनडात जाहीर झालेल्या एलिसिस या अ‍ॅल्युमिनियम प्रकल्पातला अ‍ॅनोड कार्बनचा नाही. तो जळत नाही, त्यातून ऑक्सिजन सुटतो. पण अशा अ‍ॅनोडसाठी रसात अ‍ॅल्युमिना भरपूर विरघळलेला हवा. तो कमी पडला की अ‍ॅनोड स्वतः झिजतो आणि त्याचे अंश धातूत उतरतात. अ‍ॅल्युमिना किती उरला आहे, हा दिव्यापाशी सुरू झालेला प्रश्न तिथे पुन्हा उभा आहे. फक्त या वेळी चूक झाली तर ती प्रयोगशाळेत तपासायला नेलेल्या धातूच्या नमुन्यातही उमटते.