पंखाच्या मुळाशी असलेलं भोक

4 एप्रिल 2018. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे एका वैमानिकाची परीक्षा चालली होती. विमान पायपर अ‍ॅरो जातीचं, चार आसनी. चाकं धावपट्टीला टेकवायची आणि न थांबता पुन्हा झेप घ्यायची, हा रोजचाच सराव. तशी झेप घेतल्यावर थोड्याच वेळात विमानाचा डावा पंख निखळला. परीक्षा देणारा आणि घेणारा, दोघांचाही जीव गेला.

विमान 2007 सालचं होतं, म्हणजे जेमतेम अकरा वर्षांचं. याच जातीची, याच्या तिप्पट वयाची विमानं आजही सुखरूप उडतात. मग हे जुनं कसं झालं? त्याने 7,690 तास उड्डाण केलं होतं आणि 33 हजारांहून जास्त वेळा जमिनीला चाकं टेकवली होती. विमानाचं खरं वय कॅलेंडरवर कळत नाही. पंख किती वेळा वाकला, हे मोजावं लागतं.

पंखाच्या आत मुळापासून टोकाकडे एक तुळई जाते, तिला स्पार म्हणतात. विमान जमिनीवर असताना पंख स्वतःच्या वजनाने किंचित खाली झुकलेला असतो. हवेत उचल मिळाली की तोच पंख वर वाकतो, स्पारची खालची कड ताणली जाते आणि वरची दाबली जाते. प्रत्येक उड्डाणात हे एकदा होतंच, शिवाय वाऱ्याच्या प्रत्येक हिसक्यासरशी थोडंथोडं होत राहतं. सगळ्यात जास्त ताण पंखाच्या मुळाशी येतो आणि पंख धडाला जोडणारे बोल्टही तिथेच असतात. बोल्ट म्हटला की भोक आलं. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल, तर त्याच्या काठावरचा ताण आसपासच्या तिप्पट होऊ शकतो.

धातू थकतो, हे एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस तुटू लागले तेव्हा माणसाच्या ध्यानात आलं. पोलादाच्या बाबतीत एक दिलासा असतो: ताण ठरावीक मर्यादेच्या आत असला, तर ते जवळजवळ कितीही हेलकावे सोसतं. अ‍ॅल्युमिनिअमला अशी स्पष्ट मर्यादाच नाही. ताण कमी असला तर तडा उशिरा जातो, एवढंच.

डेटोनाच्या विमानातला तुटलेला स्पार तपासला तेव्हा खालच्या कडेच्या 80 टक्क्यांहून अधिक भागावर थकव्याच्या खुणा सापडल्या. तडा बोल्टच्या भोकापाशी सुरू झाला होता. अशा तुटलेल्या पृष्ठभागावर ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा वक्र रेषा असतात आणि त्यांचा माग काढत मागे गेलं की सुरुवातीचा ठिपका सापडतो. तडा आधी फार सावकाश सरकतो. तो लांबत जातो तसा उरलेल्या धातूवरचा भार वाढतो आणि शेवटचा तुकडा एका झटक्यात तुटतो. हा सगळा काळ ती जागा सांध्याच्या आत दडलेली होती. बाहेरून कितीही बारकाईने पाहिलं असतं, तरी तडा दिसला नसता.

याची सूचना खूप आधी मिळाली होती, हे मला फार अस्वस्थ करतं. 1987 मध्ये टेक्सासमध्ये पाइपलाइनवर नजर ठेवत कमी उंचीवरून उडणाऱ्या एका पायपरचा पंख असाच तुटला होता. तेव्हा तपासणीचा आदेश निघाला, पण तडे फारसे सापडले नाहीत आणि तो मागे घेतला गेला. डेटोनानंतर निघालेल्या आदेशात तासांचा हिशेबच वेगळा मांडला आहे. भाड्याने किंवा प्रशिक्षणासाठी वापरताना झालेले तास पूर्ण धरायचे, बाकीचे सतराने भागायचे. ही बेरीज 5,000 झाली की बोल्ट काढून भोकाची एडी करंट चाचणी करायची. भोकात घातलेली सळई धातूत बारीक विद्युतप्रवाह निर्माण करते आणि तडा असला की तो प्रवाह बिथरतो. पण बोल्ट काढताना भोकाला ओरखडा पडला, तर तिथूनच नवा तडा सुरू होऊ शकतो. म्हणून ही चाचणी ऊठसूट करायची नसते.

गंजाला मात्र तासांचं सोयरसुतक नाही. 26 मे 2019 रोजी ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ भूसर्वेक्षण करणाऱ्या, 1976 सालच्या सेसना 210 चा उजवा पंख तुटला आणि दोघं दगावले. तडा गेला होता तो दोन्ही पंखांना छतातून जोडणाऱ्या आडव्या तुळईला, आणि त्याची सुरुवात गंजाने पडलेल्या एका बारीक खळग्यात झाली होती. हँगरमध्ये नुसतं उभं असलेलं विमानही असं आतून खचत असतं.

पायपर कबसारख्या जुन्या विमानांत पंखाला खालून आधार देणारे पोलादी नळीचे दांडे असतात. नळीत शिरलेली ओल खालच्या टोकाशी साचते आणि भिंत आतून पातळ होत जाते, बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो. तिथे स्प्रिंगचा टोचा ठरावीक जोराने ओळीने दाबत जातात. नळीला जाणवण्याजोगा पोचा पडला, तर तो दांडा बदलायचा.