'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड': एका जोडीची पार्श्वभूमी

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीच्या पुस्तकांत घोटाळ्यात पाडणाऱ्या विशेषणांच्या जोड्या असतात. हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल, इकॉनॉमिक-इकॉनॉमिकल, चाइल्डिश-चाइल्डलाइक. यांतल्या बहुतेक जोड्या एकदा समजल्या की पुन्हा अडत नाहीत. 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' मात्र चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही अजून अडवतात. पुस्तकात पहिल्यापुढे 'निःपक्षपाती' आणि दुसऱ्यापुढे 'रस नसलेला' एवढंच छापलेलं असतं. तेवढ्यावर गुण मिळतात, पण 'निःपक्षपाती' हा अर्थ अपुरा आहे आणि कायद्याच्या अनुवादात तो चक्क चुकतो.

गुंत्याचं मूळ 'इंटरेस्ट' या नामात आहे. मराठीत आपण त्याला तीन ठिकाणी तीन शब्द वापरतो: हितसंबंध, व्याज आणि रस. इंग्रजीत हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, त्यामुळे त्याचं नकारार्थी विशेषण केलं की नेमकं काय नाकारलं, हा प्रश्न उरतोच.

सतराव्या शतकात ही दोन्ही विशेषणं भाषेत आली तेव्हा त्यांचे अर्थ आजच्या बरोबर उलटे होते. 'डिसइंटरेस्टेड' आधी 'आस्था नसलेला' या अर्थाने आला, 'अनइंटरेस्टेड' आधी 'पक्षपात नसलेला' या अर्थाने. पुढे दोघांनी घरं बदलली. यामागे कुणाचं फर्मान नव्हतं. 'इंटरेस्टेड' हा शब्दच मधल्या काळात सरकत होता. आधी तो 'ज्याचं काही गुंतलं आहे असा' एवढंच सांगायचा. अठराव्या शतकात 'कुतूहल असलेला' हा अर्थ बळावला आणि नकारही दोन लागू लागले, एक गुंतवणुकीचा आणि एक कुतूहलाचा.

तरी सीमारेषा पक्की नव्हती. १८२८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या शब्दकोशात 'डिसइंटरेस्टेड'चा अर्थ देताना पहिलाच प्रतिशब्द 'अनइंटरेस्टेड' आहे. त्याच नोंदीतलं उदाहरण मात्र न्यायाधीशाचं आहे: न्यायाधीश पूर्णपणे डिसइंटरेस्टेड असणं महत्त्वाचं. या शब्दाला नेमकी धार कुठे आली हे त्या उदाहरणावरून दिसतं. ती धार न्यायालयात आली.

इथे १८५२ सालचा इंग्लंडमधला एक निकाल सविस्तर सांगायला हवा. एक कालवा कंपनी आणि एक जमीनमालक यांच्यात वर्षानुवर्षं दावा चालला होता. खालच्या न्यायाधीशाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि त्या वेळच्या लॉर्ड चॅन्सेलरनी, म्हणजे त्याच्या वरच्या न्यायाधीशाने, तो कायम केला. मागाहून उघड झालं की लॉर्ड चॅन्सेलरांकडे त्याच कंपनीचे शेअर होते. प्रकरण उमरावांच्या सभागृहापुढे (हाउस ऑफ लॉर्ड्स, तेव्हाचं शेवटच्या अपिलाचं ठिकाण) गेलं. त्या शेअरांचा त्यांच्या निकालावर तिळमात्र परिणाम झाला असेल असं कुणालाही वाटणार नाही, हे तिथे स्पष्टपणे मान्य केलं गेलं. तरीही त्यांचा हुकूमनामा रद्द झाला. ज्याचा हितसंबंध गुंतला आहे त्याने न्यायाला बसायचंच नाही, मग मनाने तो कितीही सरळ असो. पुढे मूळ प्रकरणाचा गुणदोषांवर विचार झाला आणि खालच्या न्यायाधीशाचा कंपनीच्या बाजूचा निकालच कायम राहिला. म्हणजे फळ तेच आलं. तरी लॉर्ड चॅन्सेलरांचा हुकूमनामा टिकला नाही.

'निःपक्षपाती' आणि 'डिसइंटरेस्टेड' यांतला फरक यापेक्षा स्वच्छ दाखवणारं प्रकरण मला माहीत नाही. निःपक्षपातीपणा मनाचा आणि वागण्याचा गुण आहे. डिसइंटरेस्टेड असणं ही माणूस कुठे उभा आहे याची गोष्ट आहे. शेअर असलेला माणूस निःपक्षपाती राहू शकतो आणि एकही शेअर नसलेला माणूस पूर्वग्रहाने भरलेला असू शकतो.

त्याच शतकात इंग्रजी समीक्षेनेही हा शब्द उचलला. १८६४ मधल्या एका गाजलेल्या निबंधात समीक्षकाचा पहिला गुण म्हणून याच विशेषणाचं भाववाचक रूप पुढे केलं गेलं. 'आस्था नसलेला' हा जुना अर्थ इतका मागे पडला की शतक संपता संपता ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या इंग्रजी शब्दकोशाने तो बहुधा कालबाह्य, अशी खूण त्यापुढे केली.

आणि मग विसाव्या शतकात तो परत आला. बोलण्यात आला, वर्तमानपत्रांत आला. भाषावापराची मार्गदर्शक पुस्तकं त्यावर तुटून पडली. 'डिसइंटरेस्टेड' फक्त हितसंबंध नसलेल्यासाठी राखून ठेवायचा, हा त्यांचा निर्णय आजही वादग्रस्त आहे. विरोधकांचा युक्तिवाद सोपा आहे: ज्याला तुम्ही चूक म्हणता तो तर शब्दाचा पहिला अर्थ. इतिहास म्हणून हे खरं आहे. पण शब्द सतराव्या शतकात काय करत होता यावरून त्याने आज काय करावं हे ठरत नाही. 'रस नसलेला' म्हणायला इंग्रजीत दुसरे शब्द आहेत. हितसंबंध नसलेल्यासाठी इतका नेमका दुसरा एकेरी शब्द नाही. मार्गदर्शक पुस्तकांचा निर्णय मला त्यासाठी योग्य वाटतो.

भारतात हा फरक खटल्यांच्या निकालांत रोज लागतो. खुनाच्या एका खटल्यात मृताची पत्नी प्रत्यक्षदर्शी होती. उच्च न्यायालयाने तिला 'इंटरेस्टेड' साक्षीदार ठरवून तिची साक्ष बाजूला ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ते खोडून काढलं: नातेवाईक असणं आणि हितसंबंधी असणं एक नव्हे. खटल्याच्या निकालातून ज्याचा काही लाभ होतो किंवा आरोपीला शिक्षा व्हावी यात ज्याचा काही हेतू असतो, तोच हितसंबंधी. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर गणपूर्तीच्या, म्हणजे बैठकीला किमान किती संचालक हवेत ते सांगणाऱ्या, कलमात ही दोन्ही विशेषणं टाळली. तिथे 'जे इंटरेस्टेड संचालक नाहीत ते' असं लांबण लावून लिहिलं आहे.

आपल्या 'उदासीन' शब्दाचा प्रवास याच वाटेने झाला आहे. संस्कृतात तो 'बाजूला बसलेला'. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताचा गुण म्हणून येतो आणि कौटिल्याच्या राजमंडलात, म्हणजे राजांच्या आपसांतल्या संबंधांच्या मांडणीत, तो भांडणात न पडलेल्या राजाचं नाव आहे. आज वर्तमानपत्रात 'प्रशासन उदासीन' असा मथळा आला की ती तक्रार असते. 'डिसइंटरेस्टेड'साठी हा शब्द कधीकाळी चपखल बसला असता. आता तो वापरला तर साक्षीदाराला खटल्याची फिकीर नव्हती असा अर्थ होईल. 'तटस्थ' लिहावं तर त्याने मत द्यायचंच टाळलं असं वाटतं. न्यायालयीन कागदपत्रांच्या मराठीत मी 'हितसंबंध नसलेला साक्षीदार' असंच लिहिते. वाक्य लांबतं, पण अर्थ जागेवर राहतो.