आयर्लंडमधील आरोग्यसेवेचे मनुष्यबळ, घरगुती देखभालीचा निधी आणि संसदेची छाननी

सार्वजनिक आरोग्यसेवेत किती माणसे आहेत, किती असायला हवीत आणि घरी राहणाऱ्या वृद्धांच्या देखभालीसाठी मंजूर झालेला पैसा खरोखर त्यांच्या दारापर्यंत पोचतो का, याची विचारपूस आयर्लंडच्या संसदेत वर्षभर चालू असते. सदस्यांचे लेखी व तोंडी प्रश्न, आरोग्य समितीपुढील सुनावण्या, पुरवणी मागण्या आणि लोकलेखा समिती ही तिची चार साधने. मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिक्त पदे हा हिशेब मराठी वाचकाला नवा नाही. जिल्हा परिषदेच्या कोणत्याही सभेत तो ऐकू येतो. आयर्लंडमध्ये त्याला आणखी एक माप जोडलेले आहे, ते म्हणजे तास.

आयरिश संसदेला ‘इरॅक्टस’ म्हणतात. ‘डॉल’ हे तिचे लोकनियुक्त सभागृह आणि ‘शनद’ हे वरिष्ठ सभागृह. डॉलची सदस्यसंख्या नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत १६० वरून १७४ झाली. आरोग्यासाठी स्वतंत्र मंत्री असला तरी दवाखाने, परिचारिका आणि घरी जाणारे मदतनीस यांचा रोजचा कारभार त्याच्या हाती नसतो. तो ‘हेल्थ सर्व्हिस एक्झिक्युटिव्ह’ ऊर्फ ‘एचएसई’ ही वैधानिक संस्था पाहते. १९७० च्या कायद्याने प्रादेशिक आरोग्य मंडळे स्थापन झाली होती. ती गुंडाळून १ जानेवारी २००५ पासून हा कारभार एचएसईकडे देण्यात आला. संसदेच्या छाननीतल्या अर्ध्या अडचणींचे मूळ या फेरबदलात आहे.

एखाद्या सदस्याने विचारले, की आपल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, घरगुती देखभालीसाठी किती जण ताटकळत आहेत आणि परिचारिकांची किती पदे रिक्त आहेत, तर मंत्र्याचे छापील उत्तर बहुधा एका परिच्छेदात आटोपते : हा सेवेसंबंधीचा प्रश्न असल्याने तो एचएसईकडे थेट उत्तरासाठी पाठवला आहे. मग काही दिवसांनी एचएसईच्या अधिकाऱ्याचे पत्र सदस्याला येते. पत्रात आकडे असतात, पण सभागृहात उभे राहून उपप्रश्न विचारण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. आपल्याकडे तारांकित प्रश्नावर ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तर जसे सदस्यांच्या अंगवळणी पडले आहे, तसेच तिथे हे वाक्य. तरीही ही वाट कुचकामी नाही. वेगवेगळ्या काउंट्यांच्या सदस्यांनी तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारला आणि उत्तरे शेजारी ठेवली, की कुठे किती वाट पाहावी लागते याचा नकाशा आपोआप तयार होतो. स्थानिक वृत्तपत्रांतल्या कित्येक बातम्या अशा पत्रांवरूनच बनतात.

समितीपुढे मात्र एचएसईच्या प्रमुखाला समोरासमोर बसावे लागते. २००४ च्या आरोग्य कायद्याने त्याच्यावर संसदीय समित्यांपुढे हजर राहण्याचे बंधन घातले. त्याच कायद्याने सरकारी धोरण चांगले की वाईट यावर मत देण्यास त्याला मनाईही केली. त्यामुळे ‘इतक्या माणसांत काम भागते का?’ या प्रश्नावर तो किती माणसे आहेत ते सांगतो आणि भागते का, हा भाग अलगद मंत्र्याकडे सरकतो. प्रत्येक सदस्याला ठरावीक मिनिटे मिळतात आणि त्यातली बरीचशी मतदारसंघातल्या रुग्णालयावरच खर्च होतात, ही तक्रार जुनी आहे. समित्यांच्या अधिकारालाही मर्यादा आहेत. संसदेला चौकशीचे व्यापक अधिकार देणारी घटनादुरुस्ती ऑक्टोबर २०११ च्या सार्वमतात फेटाळली गेली. पुढे, एका धर्मादाय संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांना प्रश्न विचारताना लोकलेखा समितीने आपली कार्यकक्षा ओलांडली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

मनुष्यबळाचा आकडा सभागृहात येतो तो ‘पूर्णवेळ समतुल्य’ या मापाने. अर्धा वेळ काम करणाऱ्या दोन परिचारिका मिळून एक, असा हा हिशेब. २०२० च्या दशकाच्या मध्यास अशी सुमारे दीड लाख पदे भरलेली होती. मंत्री दरवर्षी संख्येत झालेली वाढ सांगतात आणि विरोधक रिकाम्या जागा मोजतात. दोघांचेही आकडे बहुधा खरेच असतात. ‘एचएसईचे कर्मचारी’ या शब्दांतही गुंता आहे. जुनी स्वयंसेवी रुग्णालये २००४ च्या कायद्याच्या कलम ३८ खाली निधी घेतात आणि त्यांचे कर्मचारी सार्वजनिक सेवेत मोजले जातात. कलम ३९ खालच्या संस्था असेच काम सरकारी अनुदानावर करतात, पण त्यांचे कर्मचारी त्या मोजणीत येत नाहीत आणि त्यांना सरकारी वेतनश्रेणीही आपसूक लागू होत नाही. घरगुती देखभालीचा बराच भार अशा संस्था व खासगी कंपन्या उचलतात. म्हणजे ज्या कामाबद्दल सदस्य सर्वाधिक विचारतात, ते करणारी बरीचशी माणसे आकड्याबाहेरच राहतात.

हा वाद २०२३ मध्ये शिगेला पोचला. त्या वर्षी ३ जानेवारीला परिचारिका व सुईणींच्या संघटनेच्या रोजच्या मोजणीत ९३१ रुग्ण रुग्णालयांत खाटेविना ट्रॉल्यांवर, म्हणजे चाकांच्या स्ट्रेचरवर, आढळले. इतका मोठा आकडा तोवर कधी नोंदला गेला नव्हता. पण वर्षाच्या उत्तरार्धात पैसा संपत आल्याचे दिसताच एचएसईने भरतीला आधी कारकुनी व व्यवस्थापकीय पदांपुरता आणि नोव्हेंबरमध्ये बहुतेक पदांसाठी लगाम घातला. तज्ज्ञ डॉक्टर आणि त्या वर्षी पदवी घेतलेल्या परिचारिका असे थोडेच अपवाद राहिले. प्रशासन याला ‘विराम’ म्हणे आणि संघटना ‘बंदी’. जुलै २०२४ मध्ये बंदी उठली, पण तिच्या जागी ‘वेतन व पदसंख्या धोरण’ आले. मराठी कार्यालयीन भाषेत सांगायचे तर नवा आकृतिबंध. प्रत्येक विभागाला कमाल पदसंख्या ठरवून मिळाली. २०२३ अखेर रिकामी असलेली पदे या आकृतिबंधात धरलेलीच नाहीत, म्हणजे ती न सांगता रद्द झाली, असा संघटनांचा आरोप होता. आधीच्या वर्षी मंजूर असलेली जागा यंदा रिक्तही दिसत नाही, कारण ती यादीतच नाही. रिक्त पदांविषयी प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांची यात चांगलीच पंचाईत झाली आणि ‘रिक्त म्हणजे काय?’ यावरच सभागृहात खल होऊ लागला. अनेक संघटनांनी या धोरणाविरुद्ध पुकारलेले नियमानुसार काम आंदोलन २०२५ च्या मार्चअखेरीस वाटाघाटींनंतर टळले.

घरगुती देखभालीची गोष्ट याहून निराळी आहे. १९७० च्या आरोग्य कायद्याच्या कलम ६१ नुसार आरोग्य मंडळ आजारी, दुबळ्या माणसांना घरीच राहता यावे यासाठी व्यवस्था ‘करू शकेल’. करील, असे तिथे म्हटलेले नाही. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही सारी सेवा या ‘करू शकेल’वर उभी आहे. उलट वृद्धाश्रमात जाणाऱ्यासाठी २००९ पासून ‘फेअर डील’ नावाने ओळखली जाणारी वैधानिक योजना आहे. तिच्यात रहिवाशाने आपल्या उत्पन्नाच्या ८० टक्के आणि मालमत्तेच्या दरवर्षी ७.५ टक्के इतका वाटा द्यायचा, राहत्या घराचा हिशेब फक्त पहिली तीन वर्षे धरायचा आणि उरलेला खर्च सरकारने सोसायचा. घरी मिळणाऱ्या देखभालीला उत्पन्नाची अट नाही आणि पैसेही पडत नाहीत. फक्त ती मिळण्याचा हक्क नाही. वृद्धाश्रमांची तपासणी करणारी यंत्रणाही २००९ मध्येच आली, पण घरी येणाऱ्या सेवेची तशी तपासणी तिच्या कक्षेत आली नाही. फुकट पण हक्काचे नाही आणि हक्काचे पण फुकट नाही, अशा या दोन सेवांमधली दरी भरून काढणारा कायदा आणण्याचे वचन २०१७ पासून निरनिराळ्या सरकारांनी दिले आहे. त्याच वर्षी सर्वपक्षीय संसदीय समितीने ‘स्लॉन्चकेअर’ हा दहा वर्षांचा आराखडा मांडला. रुग्णालयांवरचा भार घराजवळच्या सेवांकडे वळवायचा, हे त्याचे मुख्य सूत्र होते. आयर्लंडच्या आरोग्यधोरणाचा पाया एखाद्या मंत्र्याने नव्हे तर संसदेच्या समितीने घातला, असे म्हणता येईल असा हा दुर्मीळ प्रसंग.

तासांचा हिशेब प्रत्यक्षात असा चालतो. आरोग्य परिचारिका घरी येऊन पाहणी करते : म्हातारीला अंथरुणातून उठता येते का, न्हाणीघरापर्यंत जाता येते का, चहा करताना किटली उचलते का. त्यावरून आठवड्याला समजा सात तास मंजूर होतात, म्हणजे रोज सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा तास. मंजुरीचे पत्र येते, मदतनीस मात्र येईलच असे नाही. विरळ वस्तीच्या पश्चिम किनाऱ्यावर दोन घरांमध्ये कित्येक किलोमीटरचे अंतर असते. गाडीत गेलेल्या वेळेचे पैसे मिळणार नसतील, तर अर्ध्या तासाच्या कामासाठी तेवढे अंतर कोण कापणार? म्हणून दोन प्रतीक्षायाद्या होतात. एक निधीची वाट पाहणाऱ्यांची. दुसरी, पैसे मंजूर असूनही माणसाची वाट पाहणाऱ्यांची. दोन्ही याद्या वेगळ्या मागितल्याखेरीज उत्तराला अर्थ येत नाही, हे मुरलेले सदस्य जाणतात. दुसरी यादी वाढली की रुग्णालयातून घरी सोडण्याजोगा रुग्ण खाटेवरच अडकून राहतो आणि खाली तातडीच्या विभागात ट्रॉल्यांची संख्या चढते.

मनुष्यबळ आणि निधी हे सदनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर वेगळे विषय असले तरी जमिनीवर एकच आहेत, हे २०२१ मध्ये उघड झाले. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात घरगुती देखभालीसाठी ५० लाख जादा तासांची तरतूद झाली आणि एकूण लक्ष्य २ कोटी ४० लाखांच्या आसपास गेले. वर्षअखेर प्रत्यक्षात दिलेले तास दोन कोटींच्या थोडेसेच पुढे होते. पैसा होता, पण करोनाचा काळ आणि मदतनिसांचा तुटवडा यांमुळे तो खर्चच होईना. मार्च २०२२ मध्ये राज्यमंत्री मेरी बटलर यांनी एक सल्लागार गट नेमला; त्याने त्याच वर्षी १६ शिफारशी केल्या. वेतनाचा किमान दर आणि प्रवासाच्या वेळेचा मोबदला त्यांत होता. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपबाहेरील १,००० मदतनिसांना कामाचे परवाने देण्याची मुभा मिळाली. रुग्णालयांचा गाडा भारतातून, विशेषतः केरळमधून, आलेल्या परिचारिकांवर आधीपासून चालतच होता.

या इतिहासात एक मराठी धागाही आहे. जुलै २०१४ ते मे २०१६ या काळात आरोग्यमंत्री असलेले आणि नंतर दोनदा पंतप्रधान, आयरिश शब्दांत ‘टीशॉक’, झालेले लिओ वराडकर यांचे घराणे मालवण तालुक्यातील वराडचे. वडील अशोक वराडकर मुंबईत वाढलेले डॉक्टर, आई मिरियम आयरिश परिचारिका. दोघांची गाठ इंग्लंडमध्ये स्लाऊला पडली. डॉलमध्ये परदेशी डॉक्टर-परिचारिकांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देणारा मंत्री स्वतः अशाच एका घरातला होता.

पैशाच्या छाननीचा मोसम वर्षाच्या उत्तरार्धात येतो. २०१५ पासून एचएसईची स्वतंत्र मागणी रद्द होऊन तिचा निधी आरोग्यखात्याच्या मागणीतून जाऊ लागला आणि आरोग्याच्या पुरवणी मागण्या तर जवळपास नेमाने येतात. २०१७ मध्ये संसदेने स्वतःचे अर्थसंकल्प कार्यालय उघडले. खर्च दरवर्षीच ठरल्याहून वाढत असेल तर मुळातला अंदाजच चुकीचा नाही का, ही त्याच्या आणि वित्तीय सल्लागार परिषदेच्या टिपणांतली नेहमीची विचारणा. २०२५ साठी आरोग्याला सुमारे २,५८० कोटी युरो मिळाले आणि सेवा आराखड्यात वृद्धांच्या घरगुती देखभालीचे सुमारे २ कोटी ४० लाख तास धरले गेले, म्हणजे जवळपास २०२१ मध्ये कागदावर धरले होते तेवढेच.